पहारेकऱ्याचा खोकला

पाच सैनिक शत्रूच्या मुलखात, पुलापासून पन्नास पावलांवर, बर्फात पालथे पडून श्वास रोखून होते आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी खोकलं.

पडद्यावर कुणी दचकलं नाही. पुलावरचा पहारेकरी धुक्यात मख्खासारखा उभा राहिला आणि सैनिक कोपरांवर सरपटत पुढे येत राहिले. दचकले ते स्टुडिओच्या छोट्या प्रेक्षागृहात बसलेले चौघं. निर्मात्या बाईंनी मागे वळून पाहिलं. दिग्दर्शकाने बाईंकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. चौथे होते पाऊलकाका, त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट बसले होते.

"कोण खोकलं?" दिग्दर्शक अंधारातच उठून उभा राहिला.

"मी नाही," बाई म्हणाल्या. "मी आत येतानाच खोकून घेतलं होतं."

रीळ मागे घेतलं. पुन्हा धुकं, पुन्हा बर्फ, पुन्हा कोपरांची सरपट, आणि बरोबर त्याच जागी तो खोकला. आधी एक अर्धवट, दाबलेला, मग त्याच्या मागून न आवरलेला दुसरा.

"म्हणजे खोली नाही, सिनेमाच खोकतोय," बाई म्हणाल्या. "आणि मला सांगा, तो पुलावरचा मेला ऐकत का नाही? मला इथे खुर्चीत ऐकू आलं. सरकारने बहिरा पहारेकरी ठेवलाय का?"

दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. त्याचं दुःख मोठं होतं. सिनेमा होता एका गुप्त मोहिमेचा. पाच जण पहाटे शत्रूच्या हद्दीत शिरतात, पहारेकऱ्याची मान मोडतात, पूल उडवतात आणि पाचातले दोघं परत येतात. त्यात पुलाकडे सरपटत जाण्याचा प्रसंग तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. त्यात संवाद नव्हता आणि संगीतही नव्हतं. नुसता बर्फ आणि श्वास. या शांततेपायी दिग्दर्शकाने संगीतकाराशी कायमचं वैर घेतलं होतं. जिथे टाचणी पडलेली ऐकू यावी, तिथे छातीचा जुना रोगी खोकत होता.

ती शांतता केली होती पाऊलकाकांनी. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सिनेमातली शांतताही कुणाला तरी बसून करावी लागते. चित्रीकरणाच्या वेळचे पावलांचे, कपड्यांचे, दारांचे आवाज बहुतेक फुकट जातात. मग पाऊलकाकांसारखा माणूस बंद खोलीत पडद्याकडे बघत बघत ते सगळे नव्याने वाजवतो. त्यांच्याकडे सदतीस जोड जोडे होते, त्यातला एकही स्वतःच्या मापाचा नव्हता. राण्या चालल्या त्या त्यांच्या पायांनी, खुनी जिने चढले तेही त्यांच्याच. कातडी पिशवीत मक्याचं बारीक पीठ भरून ती तुडवली की बर्फ करकरतो. ओल्या फडक्यात गाजरं गुंडाळून पिळली की मान मोडते. अशा दोनशेहून जास्त माना त्यांनी आजवर मोडल्या होत्या आणि घरी जाऊन शांतपणे जेवले होते.

"सोपं आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याला सगळे बटणराव म्हणत, कारण त्याची बोटं झोपेतही यंत्राची बटणं दाबत असावीत असा सर्वांचा समज होता. "टेप पुसून टाकू. काका उद्या सकाळी नवा बर्फ तुडवतील. तासाभराचं काम."

"काढू नका," पाऊलकाका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. एकतीस वर्षांत पाऊलकाकांनी माशी शिंकलेली टेपसुद्धा पुढे जाऊ दिली नव्हती. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकून बटणरावाची बोटं थांबली.

"म्हणजे... पहारेकरीच खोकतो असं करा ना, साहेब," पाऊलकाका घाईघाईने म्हणाले. "बिचारा रात्रभर बर्फात उभा आहे. तो खोकणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

दिग्दर्शक थबकला. त्याला खरेपणाचं फार वेड होतं. सैनिकांच्या बुटांत त्याने खरोखरची ओली माती घालून ठेवली होती आणि त्यापायी दोघांच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. "पहारेकरी खोकतो," तो स्वतःशीच म्हणाला. "शत्रूही माणूस आहे. वा! काका, वा!"

"फुकट होतंय का?" बाईंनी विचारलं.

"जवळजवळ."

"मग खोकू दे."

पाऊलकाका मान खाली घालून बाहेर पडले. तो खोकला त्यांच्या बायकोचा होता.

मागच्या हिवाळ्यात तिची छाती भरून आली आणि तिला एकटीला सोडून स्टुडिओत जाणं त्यांना अशक्य झालं. तेव्हा बटणराव टॅक्सीत घालून यंत्रच घरी घेऊन आला. बाहेरच्या खोलीच्या खिडक्यांवर रजया टांगल्या, मधोमध पिठाची पिशवी ठेवली आणि आतल्या दाराच्या कडीला लाल टॉवेल अडकवला. हा टॉवेल त्या घरात लग्नापासून होता. घरी सराव चालला की तो कडीवर यायचा, आणि तो कडीवर असेपर्यंत घरात नळ सुटायचा नाही, भांडं हलायचं नाही, कपाट उघडायचं नाही. त्या संसारात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द ‘शू’ हाच असावा.

त्या दिवशी चौथी टेप अगदी मनासारखी चालली होती. तीन मिनिटं तीस सेकंद झाले होते. शेवटचे दहा सेकंद उरले असताना आतून खोकला आला. उशीत तोंड खुपसून दाबलेला, तरी निसटलेला. पाऊलकाका तणतणत आत गेले होते. "दहा सेकंद थांबता नाही आलं तुला?"

"चुकलं हो," ती म्हणाली होती.

पाचवी टेप बिनचूक झाली. एकोणीस दिवसांनी ती गेली.

बिघडलेल्या टेपच्या नोंदीवर वहीत लाल पेन्सिलीने फुली मारायची आणि फुली मारलेली टेप पुसून पुन्हा वापरायची, ही स्टुडिओची पद्धत. ती गेल्यानंतर वही भरायला बसल्यावर पहिल्या तीन टेपांवर पाऊलकाकांनी सपासप फुल्या मारल्या. चौथीवर मात्र हात उठेना. आवाजाच्या धंद्यात एकतीस वर्षं घालवलेल्या या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा आवाज नव्हता. फोटो होते, साड्या होत्या, चष्मा होता. आवाज कसा असणार? यंत्र सुरू झालं की तिने गप्प बसायचं, हाच तर घरचा नियम. उरला होता तो हा एवढाच, एका श्वासाचा खोकला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, वही मिटली आणि पुढे विसरून गेले. बटणरावाने नेहमीप्रमाणे वहीतली फुली नसलेली पहिली टेप उचलून सिनेमाला जोडली आणि जास्तीची म्हणून पाचवी पुसून दुसऱ्या कामाला लावली.

आता खरं सांगायचं तर टेप पुसली जाणार. न सांगायचं तर तिचा खोकला एका मिशीवाल्या पहारेकऱ्याच्या तोंडी जाणार. त्यांनी दुसरं पत्करलं. निदान राहील तरी.

पण पहारेकऱ्याचं तोंड पडद्यावर गच्च मिटलेलं होतं. खोकायचं म्हणजे तोंड उघडायला हवं, तोंड उघडायचं म्हणजे जवळून एक दृश्य घ्यायला हवं. पहारेकऱ्याचं काम करणारा नट दिवसा चष्म्याच्या दुकानात बसत असे. त्याला निरोप गेला. आजवर त्याच्या वाट्याला नुसतं उभं राहून मरणं आलं होतं. आपलं काम वाढतंय म्हटल्यावर तो अर्ध्या पगाराची रजा टाकून आणि वही घेऊन आला.

"साहेब, मला नेमका आजार काय आहे?" त्याने विचारलं. "साधी सर्दी की छातीचा विकार? त्यावर माझं उभं राहणं अवलंबून आहे."

"तुला बेचाळीस सेकंदांनी मरायचंय," दिग्दर्शक म्हणाला. "कुठलाही धर."

"मग जुनाट धरतो. घरी कोण कोण आहे माझ्या?"

"काका, तुम्हीच बघा याच्याकडे," असं म्हणून दिग्दर्शक निघून गेला.

स्टुडिओच्या मागच्या अंगणात कापूस आणि पीठ पसरून बर्फ केला. शिरस्त्राण घातलेला पहारेकरी लाकडी कठड्याला टेकून उभा राहिला आणि पाऊलकाका त्याला खोकायला शिकवू लागले. पहिल्यांदा तो सभेत अध्यक्ष खाकरावा तसा खाकरला.

"असं नाही," पाऊलकाका म्हणाले. "तुला खोकायचंच नाहीये. आधी थांबवायचा. ओठ गच्च मिटायचे. खांदे वर येतात बघ, आपोआप. मग एक छोटा निसटतो. त्याच्या मागून मोठा. तेव्हा हात इथे, छातीवर."

"मग?"

"मग इकडे तिकडे बघायचं."

"शत्रू आलाय का म्हणून?"

"नाही रे. आपल्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही ना, म्हणून."

पहारेकऱ्याने वहीत लिहून घेतलं. मग त्याने ओठ मिटले, खांदे वर घेतले, खोकला, छातीवर हात ठेवला आणि ओशाळ्या नजरेने हळूच आजूबाजूला पाहिलं. झुपकेदार मिशी आणि लोखंडी शिरस्त्राणाच्या मधून पाऊलकाकांना आपली बायको दिसली. "बरोबर आहे," एवढं बोलून ते पिठाची गोणी बघायला म्हणून निघून गेले आणि बराच वेळ गोणीच बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात वितरकांना बायकामुलांसकट सिनेमा दाखवला. पहारेकरी खोकला, त्याने ओशाळून इकडे तिकडे पाहिलं, तसं अर्धंअधिक प्रेक्षागृह हळहळलं. एका वितरकाच्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, याला घरी कुणी नाही का? एवढ्या थंडीत कशाला उभं केलंय?" आणि त्याच क्षणी सिनेमाचा नायक धुक्यातून मागून आला आणि त्याने पहारेकऱ्याची मान मोडली. गाजरं कडकडली. पाऊलकाकांची ती आजवरची सर्वांत उत्तम मान होती. सासूबाई किंचाळल्या. चार-पाच रुमाल निघाले. पुढे पूल उडाला, देश वाचला, नायकाच्या छातीवर पदक लागलं, पण एकानेही टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी "खुनी!" असंही म्हणालं.

निर्मात्या बाईंचा साबणाचा कारखाना होता आणि त्या हिशेबी बोलत. "हा सिनेमा बघून लोकांना हात धुवावेसे वाटतायत," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "माझ्या साबणाला ते चांगलं आहे, सिनेमाला नाही. आजारी माणसाला मागून मारणारा नायक मला नको."

"बाई, तो शत्रू आहे!"

"होता. आता तो पेशंट आहे. काहीही करा."

दिग्दर्शकाने काहीही केलं. नायक मारण्याआधी क्षणभर कचरतो असं दृश्य घ्यावं म्हणून त्याने नायकाला बोलावलं, तर तो दुसऱ्या सिनेमात जन्मठेपेचा कैदी झाला होता आणि त्याचं डोकं भादरलेलं होतं. मग दिग्दर्शकाने ठरवलं, नायक चांगला होत नसेल तर पहारेकरी वाईट करावा. पहारेकरी कुत्र्याला लाथ मारतो, असं दृश्य ठरलं. स्टुडिओच्या फाटकावर पडून असणारं एक मरतुकडं कुत्रं आणलं. पण पहारेकरी तीन दिवस आपल्या डब्यातली पोळी त्याच्याबरोबर वाटून खात होता. त्याने बूट उगारताच कुत्रं आनंदाने उताणं झालं आणि पोट पुढे करून पडून राहिलं. पहारेकऱ्याने सवयीने वाकून त्याचं पोट खाजवलं आणि खाजवता खाजवता, कामात मुरल्यामुळे, खोकला.

"थांबवा," दिग्दर्शक क्षीण आवाजात म्हणाला. "आता लोक कुत्र्यासाठीही रडतील."

तो तसाच तरातरा रेकॉर्डिंगच्या खोलीत आला. प्रदर्शन दहा दिवसांवर आलं होतं आणि त्याच्या डोळ्यांखाली काळं जमलं होतं. "खोकला काढा," तो म्हणाला. "सगळी भानगड त्यानेच झाली. जवळून घेतलेलं दृश्य काढा, टेप पुसा, नवा बर्फ तुडवा. मान मोडल्याचा आवाजही नवा करा, जरा हळू, म्हणजे लोकांच्या जिवाला लागणार नाही. मी चहा पिऊन येतो."

पाऊलकाकांनी नव्या जुडीतली चार गाजरं निवडली, फडकं ओलं केलं, गाजरं गुंडाळली. काचेपलीकडे बटणराव यंत्राशी बसला. पडद्यावर पहारेकरी खोकला, ओशाळला. धुक्यातून नायकाचे हात आले.

पाऊलकाका गाजरं धरून उभेच राहिले.

"काका, चालू आहे," बटणरावाचा आवाज आला.

रीळ मागे गेलं. पुन्हा खोकला आला, पुन्हा हात आले. पाऊलकाकांच्या मनगटात जोरच येईना. तिसऱ्या वेळी त्यांनी गाजरं हळूच टेबलावर ठेवली, झोपलेल्याला उशीवर टेकवावं तशी.

बटणराव बाहेर आला.

"काकूंचा आहे ना?" बटणराव म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. टेप जोडली तेव्हाच. काका, मी होतो की घरी त्या दिवशी. चौथीच्या नोंदीवर फुली नव्हती. तुम्ही आणि फुली मारायला विसराल? मला वाटलं, काकांना हवाय. म्हणून लावून टाकली. पुसू म्हणालो तेही तुम्ही अडवता का बघायला. आता वाटतं, विचारायला हवं होतं."

पाऊलकाका स्टुलावर बसले. "मी ओरडलो रे तिच्यावर. दहा सेकंदांसाठी. त्यानंतर एकोणीस दिवस होती, पण त्याबद्दल मी काही बोललो नाही. वाटलं, बोलू पुढे कधीतरी." त्यांनी गाजरांकडे बोट केलं. "आणि आता मीच ही मान मोडायची, वर टेपही पुसायची? मला नाही जमायचं. दुसरा माणूस बोलव."

तेवढ्यात दिग्दर्शक चहा पिऊन आला. रडणारा म्हातारा, उभा बटणराव आणि टेबलावरची गाजरं बघून तो दारातच थांबला. "काय झालं?"

"गाजरं मऊ निघाली," बटणराव म्हणाला.

"नाही साहेब," पाऊलकाका म्हणाले, "गाजरं चांगली आहेत." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. टॉवेल, उशी, दहा सेकंद, लाल पेन्सिल. सांगून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि आता हाकलून देतील म्हणून चपला शोधू लागले.

दिग्दर्शक खुर्चीत बसला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याचा सिनेमा बुडत होता. "काका, तो नाही मेला तर आरडाओरडा करेल," तो कळवळून म्हणाला. "मग पाचही जण पकडले जातील. पूल राहील. आपण युद्ध हरू हो!"

"नुसता बेशुद्ध करा की. कडकड नको, धप्प पुरे. मी पोतं पाडतो."

"आणि पूल उडतो तेव्हा? तो पुलावरच पडलाय."

प्रश्न बिनतोड होता. शेवटी बटणराव पुढे सरकला. "साहेब, तो पडल्यावर चित्रात कुठे कुठे दिसतो?"

"कुठेच नाही. नंतर नुसतं धुकं आहे."

"मग धुक्यात तो काय करतोय ते आपणच ठरवायचं ना? कानाने."

मग त्या दुपारी, स्टुडिओच्या बंद खोलीत, तिघांनी मिळून शत्रूच्या एका माणसाला पुलावरून जिवंत बाहेर काढायची मोहीम आखली. पाच सैनिक सुरुंग लावतात तेव्हा मागून बर्फात हात टेकल्याचा आवाज यावा. मग एक कण्हणं. मग पावलं, पुलापासून लांब जाणारी. दिग्दर्शक कागदावर सेकंद मोजू लागला. "त्याच्याकडे अडतीस सेकंद आहेत," तो म्हणाला. "काका, लंगडायला लावू नका, वेळेत पोचायचा नाही!"

पाऊलकाकांनी सदतीस जोडांतून जड बूट निवडले आणि पिठाची पिशवी पुढे ओढली. बटणरावाने दाराबाहेरच्या लाल दिव्याचं बटण दाबलं. पडद्यावर धुकं होतं. त्या धुक्यात पाऊलकाका चालू लागले. एकेक पाऊल नीट रुतवत, धाप लागलेल्या माणसाच्या बेताने, पण न थांबता. आयुष्यात त्यांनी हजारो माणसं चालवली होती, पण एवढ्या काळजीने कुणालाच नेलं नव्हतं. अडतिसाव्या सेकंदाला पूल उडाला तेव्हा ती पावलं पलीकडच्या झाडांत पोचली होती. स्फोटानंतर शांतता ठेवायची आणि मग पुन्हा एकदा तोच खोकला, म्हणजे लोकांना कळेल.

"शांतता किती ठेवू?" बटणरावाने ब्लेडने टेप कापता कापता विचारलं.

"दहा सेकंद," पाऊलकाका म्हणाले.

बाईंनी सिनेमा पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. "जगला?"

"जगला," दिग्दर्शक म्हणाला.

"मग पाठवा थेटरात."

सिनेमा चालला. बरा चालला असं नव्हे, तुफान चालला, आणि चालला तो पुलामुळे किंवा नायकामुळे नव्हे. लोक स्फोट झाल्यावर जागचे उठत नाहीत, अशी बातमी तिसऱ्या आठवड्यात स्टुडिओत आली. धूर विरेपर्यंत थेटर कान देऊन बसतं आणि खोकला आला की टाळ्या पडतात. चष्म्याच्या दुकानात लोक पहारेकऱ्याला बघायला येत आणि जाताना चौकशी म्हणून तब्येत विचारत. पाऊलकाका मात्र सिनेमाला गेले नाहीत. टेप कपाटात होती, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

चौथ्या आठवड्यात त्यांची लेक परगावाहून आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "सगळं जग बघून आलं आणि तुमच्याच पावलांचा सिनेमा तुम्ही बघितला नाही? चला," असं म्हणत तिने त्यांना कोट चढवला आणि दुपारच्या खेळाला नेऊन बसवलं.

पहिल्या खोकल्याला थेटरभर हळहळ उसळली. शेजारचा गृहस्थ कागदाची पुडी चुरगाळत मोठ्याने हळहळला. त्या गलक्यात लेकीने जरा मान वर केली. पुढे धप्प झालं. धुक्यात पावलं लागली. आठशे माणसं त्या पावलांबरोबर मनातल्या मनात चालत होती. पूल उडाला, खुर्च्या हादरल्या आणि मग शांतता पसरली.

ती त्यांनीच केलेली शांतता होती. दहा सेकंदांची. पाऊलकाकांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन. तीन. घशात कोरडी खवखव उठली. त्यांनी ओठ गच्च मिटले. चार. पाच. खांदे आपोआप वर आले. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रुमाल काढून तोंडात कोंबला. सहा. छाती आतून कुणी लाथा घालाव्यात तशी उसळत होती. दहा सेकंद म्हणजे किती लांब असतात हे एकतीस वर्षं सेकंद मोजूनही त्यांना कळलं नव्हतं. सात. आठ.

एक छोटा निसटला. त्याच्या मागून मोठा.

सगळी रांग त्यांच्याकडे वळली. "शूऽ!" समोरून आलं. शेजारचा गृहस्थ दात खात म्हणाला, "अहो, दहा सेकंद थांबता येत नाही का?"

पाऊलकाकांनी छातीवर हात ठेवला आणि इकडे तिकडे पाहिलं. "चुकलं हो," ते म्हणाले.

आणि तेव्हा समोरच्या पांढऱ्या धुक्यातून ती खोकली. नुसतंच धुकं होतं, मिशी नव्हती, शिरस्त्राण नव्हतं. लेकीने त्यांचं मनगट करकचून धरलं.

"बाबा!" ती जवळजवळ ओरडलीच. "बाबा, ही आई आहे! आईच आहे ही!"

"शूऽ!" पुढच्या रांगेतला माणूस वैतागून मागे वळला.

पाऊलकाका पुढे वाकले. "बोलू द्या हो तिला," ते म्हणाले.